जयपूरला न पोचलेलं विमान

२० सप्टेंबर २०१८च्या सकाळी जेट एअरवेजचं एक बोइंग ७३७ मुंबईहून जयपूरला निघालं. आत १६६ प्रवासी होते. विमान वर चढत असतानाच लोकांचे कान ठणकू लागले, डोकी दुखू लागली, काहींच्या नाकातून रक्त आलं आणि आसनांवरच्या झडपा उघडून ऑक्सिजनचे मास्क खाली लोंबले. विमान वाटेतूनच मुंबईला परत फिरलं. तीसेक प्रवाशांना नाका-कानांतून रक्त येण्याचा त्रास झाला होता. जीव कुणाचा गेला नाही. त्याच दिवशी नागरी विमान वाहतूक महासंचालनालयानं, म्हणजे डीजीसीएनं, कारण जाहीर केलं. पायलट ब्लीड स्विच चालू करायला विसरले, त्यामुळे केबिनमध्ये हवेचा दाब राखता आला नाही. कॉकपिटमधल्यांना ताबडतोब ड्यूटीवरून बाजूला करण्यात आलं.

वर्तमानपत्रांपुरती गोष्ट इथे संपली. वाचणाऱ्यांच्या मनात मात्र एक रास्त प्रश्न उरला. एवढं महागडं शिक्षण, सहा-सहा महिन्यांनी सिम्युलेटरमधल्या परीक्षा, हातात शेकडो जीव, आणि माणूस साधा स्विच विसरतो? कामात लक्ष नव्हतं, हे उत्तर सगळ्यांना सुचतं. माझ्या मते त्या उत्तरानं काहीच कळत नाही. लक्ष नव्हतं असं नसतं. लक्ष दुसरीकडे होतं, आणि ते दुसरीकडे का होतं हे शोधणं हाच या विषयाचा खरा अभ्यास आहे.

आधी तो स्विच समजून घेऊ. दहा-अकरा किलोमीटर उंचीवर बाहेरच्या हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जेमतेम पाव असतो. तिथे माणूस शुद्धीवर राहू शकत नाही. म्हणून जेट इंजिनाच्या कॉम्प्रेसरमधून दाबलेली गरम हवा थोडी काढून घेतात, थंड करतात आणि केबिनमध्ये सोडतात. हीच ब्लीड एअर. त्यामुळे विमान पस्तीस हजार फुटांवर असलं तरी आतली हवा सहा ते आठ हजार फुटांवरची, म्हणजे साधारण दार्जिलिंगची असते. पण इंजिनाची हवा काढली की त्याचा जोरही थोडा कमी होतो. उन्हाळ्यात, आखूड धावपट्टीवर किंवा विमान जड असताना तो जोर हवा असतो. अशा वेळी ब्लीड बंद ठेवून उड्डाण करायची रीतसर पद्धत ७३७ मध्ये आहे. देखभालीच्या कामातही हे स्विच बंद केले जातात. म्हणजे ‘बंद’ ही या स्विचची काही प्रसंगी अगदी योग्य जागा आहे. तो नंतर आठवणीनं चालू करायचा असतो आणि उड्डाणानंतरच्या चेकलिस्टमधली पहिलीच ओळ त्यासाठी ठेवलेली आहे.

आता उड्डाणानंतरची पहिली पाच-सात मिनिटं कशी असतात ते पाहा. चाकं वर घ्यायची, फ्लॅप टप्प्याटप्प्यानं मिटायचे, एका नियंत्रकाकडून दुसऱ्याकडे रेडिओ बदलायचा, दिशा आणि उंचीच्या नव्या सूचना परत म्हणून दाखवायच्या, समोरचे ढग चुकवायचे. नासामधले मानसशास्त्रज्ञ की डिस्मुकीस यांनी पायलटांच्या अशाच विसरण्यांचा अनेक वर्षं अभ्यास केला. त्यांच्या कामातून दिसलेली गोष्ट अशी, की सवयीचं काम साखळीसारखं चालतं. एक कडी दुसरीला ओढते. मध्येच कुणी हाक मारली, क्रम बदलला, एखादं काम नेहमीच्या जागेवरून हललं, की कडी निखळते आणि निखळल्याचा आवाज मनात होत नाही. उलट ते काम आपण केलंय अशी खात्री वाटत राहते, कारण याआधी ते हजार वेळा केलेलं असतं. चेकलिस्टही नेहमी वाचवतेच असं नाही. तोंड ‘ऑन’ म्हणतं आणि डोळ्याला ‘ऑन’ दिसतं. रोज संध्याकाळी शुभंकरोती म्हणणाऱ्या कुणालाही हे पटेल.

ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ जेम्स रीझन यांनी १९९० च्या आपल्या ग्रंथात चुकांच्या जाती वेगळ्या केल्या. करायचं ते विसरलं, ही एक जात. करायचं ठरवलं तेच चुकीचं होतं, ही दुसरी. नियम माहीत असून मोडला, ही तिसरी. तिन्हींना आपण सरसकट ‘पायलटची चूक’ म्हणतो आणि तिन्हींवर एकच इलाज सुचवतो: निलंबन. विसरणाऱ्याला निलंबित केल्यानं पुढचा विसरायचा थांबत नाही, कारण विसरणं त्यानं ठरवून केलेलं नसतं.

मुंबई-जयपूर विमानातले लोक नशीबवान होते, हे त्याच्या तेरा वर्षं आधीचं एक विमान सांगतं. १४ ऑगस्ट २००५ ला हेलिओस एअरवेजचं ७३७ सायप्रसच्या लार्नाकाहून अथेन्सकडे निघालं. आदल्या रात्री तंत्रज्ञांनी दाबाची चाचणी घेताना निवडीचं बटण ‘मॅन्युअल’वर ठेवलं होतं आणि ते तसंच राहिलं. विमान चढत गेलं, केबिनमधली हवा विरळ होत गेली, भोंगा वाजला. पण ७३७ मध्ये तेव्हा हाच भोंगा दोन कामांसाठी होता. जमिनीवर तो वाजला तर अर्थ असा, की उड्डाणाची मांडणी चुकली आहे. हवेत वाजला तर अर्थ असा, की केबिनचा दाब गेला आहे. पायलटांनी पहिला अर्थ धरला. ते जमिनीवरच्या इंजिनिअरशी बोलत राहिले, आणि तोवर त्यांच्या मेंदूला प्राणवायू अपुरा पडायला लागला होता. या अवस्थेची क्रूर बाजू अशी, की ती माणसाला जाणवत नाही. उलट थोडं छान वाटतं. पंचवीस हजार फुटांवर हातात तीन ते पाच मिनिटं असतात, पस्तीस हजारांवर अर्धं ते एक मिनिट. जवळजवळ सगळे बेशुद्ध झाले. ऑटोपायलटनं विमान इमानेइतबारे अथेन्सला नेलं आणि इंधन संपेपर्यंत घिरट्या घातल्या. १२१ जण गेले. भोंगा नीट चालला होता. त्याचा अर्थ लागला नाही, एवढंच घडलं. त्यानंतर ७३७ मध्ये केबिनच्या दाबासाठी वेगळा इशारादिवा आला.

दिसणं आणि कळणं यांतला हा फरक मिका एन्ड्सली या अमेरिकी इंजिनिअर बाईंनी १९८०-९० च्या दशकांत शास्त्राच्या भाषेत मांडला. परिस्थितीचं भान म्हणजे एकच गोष्ट नाही, असं त्यांनी दाखवलं. आधी भोवतालच्या खुणा टिपाव्या लागतात. मग त्या जुळवून अर्थ लावावा लागतो. आणि मग, आता हे असंच चालू राहिलं तर थोड्या वेळानं काय होईल, ते ओळखावं लागतं. पायलटांनी स्वतःहून कळवलेल्या घटनांची त्यांनी आणि डेब्रा जोन्स यांनी छाननी केली. त्यात सुमारे तीन चतुर्थांश चुका पहिल्याच पायरीवर आढळल्या. माहिती समोर होती, पण टिपली गेली नाही. तिसऱ्या पायरीवरच्या चुका आकड्यानं अगदी थोड्या निघाल्या. पण त्या पायरीवर चुकलं की सुटका अवघड, आणि त्याचं उदाहरण खुद्द जयपूरलाच घडलं आहे.

जयपूरहून सीकरच्या रस्त्याला लागलं की तीसेक किलोमीटरवर चौमूं येतं. डिसेंबर-जानेवारीत उत्तर भारताच्या मैदानात धुकं साचतं, ते कधी कधी या बाजूलाही उतरतं. अशा रात्री सीकरकडून येणारा ट्रकवाला चौमूंच्या एखाद्या ढाब्याशी गाडी लावतो, चहा मागवतो आणि धुकं विरायची वाट पाहतो. थांबलेल्या गाडीत डिझेल जळत नाही. पायलटला हा ढाबा नाही. हवेत थांबणं म्हणजे घिरट्या घालणं, आणि प्रत्येक घिरटीबरोबर टाकीतलं इंधन आणि जाण्याजोगी विमानतळं अशी दोन्ही कमी होत जातात.

५ जानेवारी २०१४ च्या रात्री एअर इंडियाचं एक एअरबस ए-३२० इंफाळहून गुवाहाटीमार्गे दिल्लीला येत होतं. दिल्लीत धुकं दाटलं म्हणून ते जयपूरकडे वळवलं गेलं. वळवलेली विमानं ठेवायला जयपूर सोयीचं, ही नेहमीची समजूत. त्या रात्री धुकं जयपूरलाही येत होतं. आता उतरण्याच्या यंत्रणेबद्दल दोन शब्द. धावपट्टीच्या टोकाकडून येणारा रेडिओ किरण धरून विमान खाली येतं. साध्या, पहिल्या दर्जाच्या यंत्रणेत सुमारे दोनशे फुटांवर पायलटला धावपट्टी किंवा तिचे दिवे डोळ्यांनी दिसावेच लागतात; नाही दिसले तर परत वर जायचं. जवळजवळ आंधळेपणी उतरायचं तर धावपट्टीवरची यंत्रणा, विमान आणि पायलटांचं प्रशिक्षण, तिन्ही वरच्या दर्जाची लागतात. दिल्लीला तशी यंत्रणा होती, जयपूरला त्या वेळी नव्हती. तरीही विमान खाली उतरवलं गेलं. धावपट्टीच्या डावीकडे, मातीत चाकं टेकली. डावा पंख झाडाला लागला, टायर फुटला. १७३ प्रवासी सुखरूप बाहेर पडले, याला योगायोगाशिवाय दुसरं नाव मला सुचत नाही. आवश्यक तेवढं दिसत नसताना उतरण्याचा प्रयत्न झाला, असं चौकशीत निघालं.

रीझन यांच्या वर्गवारीत ही तिसरी जात, नियम मोडण्याची. पण नियम शेवटच्या मिनिटाला मोडला गेला, इतकंच पाहिलं तर त्याआधीचा तास नजरेआड होतो. दिल्लीचं धुकं वाढतंय, पर्यायी विमानतळही त्याच पट्ट्यात आहे, तिथंही अर्ध्या तासात हेच होईल, हा विचार निवड हातात असतानाच करावा लागतो. तो केवळ पायलटनं करायचा नसतो. उड्डाणाला परवानगी देणारे, हवामानाचा अंदाज देणारे, इंधनाचा हिशेब मांडणारे असे जमिनीवरचे बरेच लोक त्या तासात सामील असतात. शेवटचं चाक मात्र पायलटच्या हातात असतं, म्हणून मथळ्यात तोच येतो.

मुंबईकरांना विमान अपघात म्हटलं की आजही १९७८ ची पहिली रात्र आठवते. १ जानेवारीला एअर इंडियाचं ‘सम्राट अशोक’ हे जंबो जेट सांताक्रूझहून दुबईला निघालं आणि अवघ्या पावणेदोन मिनिटांत वांद्र्यासमोरच्या समुद्रात कोसळलं. २१३ जण गेले. शहराचे दिवे मागे पडले की समोर अरबी समुद्र आणि काळोख, क्षितिज नाही. अशा वेळी विमान सरळ आहे की कललेलं, हे शरीर सांगू शकत नाही, कारण आपल्या कानातलं तोल सांभाळणारं इंद्रिय वळणाला लवकर सरावतं आणि मग खोटं सांगतं. त्यासाठी कॉकपिटमध्ये कृत्रिम क्षितिज दाखवणारं यंत्र असतं. त्या रात्री कॅप्टनसमोरचं तेच यंत्र बिघडलं. विमान उजवीकडे कललंय असं ते दाखवत राहिलं आणि कॅप्टन ते डावीकडे कलवत गेले. कॉकपिटमध्ये बरोबर स्थिती दाखवणारी यंत्रंही होती. मागे बसलेल्या फ्लाइट इंजिनिअरनं ओरडून सांगायचा प्रयत्न केला. तोवर उशीर झाला होता. एकाच खोलीत तीन माणसं आणि विमान कुठे आहे याचं प्रत्येकाच्या डोक्यातलं चित्र वेगळं, अशी ती पावणेदोन मिनिटं होती.

चरखी दादरीला तर दोन विमानं आणि नियंत्रक मिळून हेच घडलं. चौमूंपासून उत्तरेला, सरळ रेषेत दीड-पावणेदोनशे किलोमीटरवर हरियाणातलं हे गाव. १२ नोव्हेंबर १९९६ च्या संध्याकाळी दिल्लीहून निघालेलं सौदियाचं जंबो चौदा हजार फुटांपर्यंत चढायचं होतं, दिल्लीकडे येणारं कझाकस्तानचं इल्यूशिन पंधरा हजारांवर थांबायचं होतं. ते थांबलं नाही. ३४९ माणसं गेली. हवेत विमानं आदळून इतके बळी जगात दुसरीकडे कुठेही गेलेले नाहीत. न्यायमूर्ती आर. सी. लाहोटी यांच्या चौकशीत कझाक विमानातली एक व्यवस्था उघड झाली, आणि मला ती या प्रकरणातली सगळ्यात बोलकी गोष्ट वाटते. नियंत्रकाशी इंग्रजीत बोलायचं काम एका रेडिओ ऑपरेटरकडे होतं आणि त्याच्यासमोर स्वतःचं उंचीमापक नव्हतं. ज्याला आदेश समजत होता त्याला उंची दिसत नव्हती. ज्याच्यासमोर उंची होती त्याला आदेश दुसऱ्याच्या तोंडून कळत होता. या अपघातानंतर भारताच्या आकाशात उडणाऱ्या विमानांना टक्कर टाळण्याची सूचना देणारी यंत्रणा सक्तीची झाली आणि दिल्लीत येण्या-जाण्याचे हवाई मार्ग वेगळे केले गेले. चर्चा मात्र कझाक पायलटांच्या इंग्रजीचीच झाली.

मग ज्याला दिसतंय त्यानं बोलावं, एवढं साधं उत्तर पुरेल का? अमेरिकेत १९७८ च्या डिसेंबरात युनायटेडचं एक विमान पोर्टलंडजवळ चाकाच्या दिव्याची भानगड सोडवत घिरट्या घालत राहिलं आणि इंधन संपून पडलं. इंधन उतरतंय हे फ्लाइट इंजिनिअरला दिसत होतं. त्यानं ते सांगितलंही, पण कॅप्टनला हलवेल इतक्या जोरानं नाही. त्यानंतर नासानं १९७९ मध्ये यावर कार्यशाळा घेतली आणि कॉकपिटमधली माणसं एकमेकांशी कशी वागतात, हे शिकवायचं शास्त्र उभं राहिलं. सीआरएम या नावानं ते आज भारतातल्या प्रत्येक व्यावसायिक पायलटला शिकावं लागतं. शिकवलं जातं म्हणून प्रश्न सुटला, असं मात्र नाही. आपल्याकडचे दोन अपघात दहा वर्षांच्या अंतरानं तेच सांगतात.

२२ मे २०१० च्या पहाटे एअर इंडिया एक्स्प्रेसचं ७३७ दुबईहून मंगळूरला आलं. मंगळूरची धावपट्टी टेबलटॉप, म्हणजे टेकडी सपाट करून बनवलेली. तिच्या टोकापलीकडे दरी. विमान जास्त उंचीवर आणि जास्त वेगात होतं. ते आठ हजार फुटांच्या धावपट्टीवर पाच हजार फुटांच्याही पुढे टेकलं आणि दरीत गेलं. १५८ जण मेले, आठ वाचले. चौकशी समितीचे प्रमुख होते एअर मार्शल भूषण गोखले, वायुदलाचे माजी उपप्रमुख. त्यांच्या अहवालातली दोन निरीक्षणं विसरता येत नाहीत. कॉकपिटच्या ध्वनिमुद्रणात बराच वेळ कॅप्टनच्या घोरण्याचा आवाज होता. पहाटेच्या त्या वेळी शरीर मुळातच सगळ्यात ढिलं असतं, आणि गाढ झोपेतून उठलेला माणूस डोळे उघडल्यावरही काही काळ पुरता जागा झालेला नसतो. दुसरं निरीक्षण असं, की को-पायलटनं तीनदा ‘गो-अराउंड’ म्हटलं होतं. म्हणजे, उतरू नका, परत वर चला. कॅप्टननं उतरणं सोडलं नाही.

७ ऑगस्ट २०२०. कोविडच्या काळातलं वंदे भारत मोहिमेचं उड्डाण, पुन्हा एअर इंडिया एक्स्प्रेस, पुन्हा ७३७, पुन्हा दुबईहून, पुन्हा टेबलटॉप. या वेळी कोळिकोड. कॅप्टन होते विंग कमांडर दीपक साठे. घर नागपूरचं, राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीचे विद्यार्थी, वायुदलात मानाची तलवार मिळवलेले, लढाऊ विमानांचे पायलट. त्यांचं कौशल्य हा प्रश्नच नव्हता. बाहेर मुसळधार पाऊस होता आणि कॅप्टनच्या बाजूचा वायपर नीट चालत नव्हता. पहिल्या प्रयत्नात ते परत वर गेले. दुसऱ्यांदा विरुद्ध बाजूनं, पाठीवर वारा घेऊन उतरले. ८,८५८ फुटांच्या धावपट्टीवर चाकं टेकली ती ४,४३८ फुटांवर, म्हणजे निम्मी पट्टी मागे सोडून. विमान टोक ओलांडून खाली पडलं आणि तुटलं. दोन्ही पायलटांसह २१ जण गेले. २०२१ मध्ये आलेल्या अहवालानं ठरावीक कार्यपद्धती न पाळणं हे कारण धरलं. को-पायलटनं ‘गो-अराउंड’ म्हटलं होतं, पण नियंत्रण आपल्या हातात घेतलं नाही, हेही त्यात आहे. आणि आणखी एक गोष्ट आहे. कोळिकोडला कॅप्टन कमी होते आणि दुसऱ्या दिवशी सकाळचं उड्डाण साठ्यांच्याच नावावर होतं. विमान दुसरीकडे वळलं असतं तर सकाळचं गणित बिघडलं असतं. हा दबाव कुणी तोंडानं दिलेला नसतो. तो वेळापत्रकातच असतो.

अपघातानंतर बरेच दिवस आपल्याकडे साठे हीरो की दोषी, असा वाद चालला. मला तो वादच चुकीचा वाटतो. तीस-पस्तीस वर्षं उत्तम उडवलेल्या माणसाला त्या वीस सेकंदांत थांबण्यापेक्षा टेकवणं शहाणपणाचं का वाटलं, हे कळल्याशिवाय पुढच्या कॅप्टनला आपण काय शिकवणार? सिडनी डेकर हे मानवी चुकांचे अभ्यासक, स्वतः ७३७ चालवलेले. ‘पायलटचं भान सुटलं’ या शब्दांवर त्यांचा कडक आक्षेप आहे. त्यांचं म्हणणं असं, की आज आपल्याला जे माहीत आहे ते त्या माणसाला तेव्हा माहीत नव्हतं, एवढाच या शब्दांचा अर्थ. ते कारण नव्हे. मी त्यांच्या बाजूचा आहे, थोडी दुरुस्ती करून. मंगळूर आणि कोळिकोडला भान कॉकपिटमध्ये होतं. ते उजव्या खुर्चीत होतं आणि निर्णय डाव्या खुर्चीत. मधलं अंतर हातभर.

ते अंतर आपल्याकडे थोडं जास्तच लांब असतं, हेही कबूल करायला हवं. वडीलधाऱ्यांना थेट ‘नाही’ म्हणायचं नाही, सुचवायचं, ‘सर, जरा बघता का’ म्हणायचं, हे आपण घरातून घेऊन येतो. वायुदलाचा निवृत्त अधिकारी डावीकडे आणि दोन-तीन वर्षं नोकरी झालेला तरुण उजवीकडे असला की ही सवय दुप्पट होते. म्हणून ‘गो-अराउंड’ या हाकेला सूचनेचा नव्हे, आदेशाचा दर्जा द्यायचा, दोघांपैकी कुणीही म्हणावं आणि उडवणाऱ्यानं आधी वर जावं, कारण नंतर विचारावं, ही पद्धत बऱ्याच कंपन्यांनी स्वीकारली आहे. दोन-तीनदा इशारा देऊनही उत्तर नाही आलं तर विमान ताब्यात घ्यायचं, असंही शिकवतात. सिम्युलेटरमध्ये ते जमतं. खऱ्या कॅप्टनच्या हातातून विमान काढून घ्यायला मात्र कातडी जाड लागते.

यंत्रं वाढली म्हणून हे ओझं कमी झालं, असंही समजू नये. १४ फेब्रुवारी १९९० ला बंगळूरला इंडियन एअरलाइन्सचं नवंकोरं ए-३२० धावपट्टीच्या अलीकडे पडलं, ९२ जण गेले. विमानाचा संगणक अशा मोडमध्ये होता, की इंजिनं आळसावलेलीच राहिली आणि वेग घटत गेला. कोणता मोड चालू आहे हे पडद्यावर लिहिलेलं होतं. पूर्वी पायलटला विमान काय करतंय हे पाहावं लागे. आता विमान काय करायचं ठरवून बसलंय हेही पाहावं लागतं.

झोपेच्या बाबतीत तर आपण अजून घासाघीसच करतोय. पायलटांची साप्ताहिक विश्रांती ३६ तासांवरून ४८ तासांवर नेणारे आणि रात्रीची उतरणी सहावरून दोनवर आणणारे डीजीसीएचे नियम २०२४ च्या सुरुवातीला ठरले. विमान कंपन्यांच्या विरोधानंतर ते टप्प्याटप्प्यानं, जुलै आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये लागू झाले. डिसेंबरमध्ये पुरेसे पायलट नसल्यानं इंडिगोची हजारो उड्डाणं रद्द झाली, विमानतळांवर लोक जमिनीवर झोपले, आणि त्या गोंधळात इंडिगोला या नियमांतून तात्पुरती सूट मिळाली. मंगळूरचा तो अहवाल येऊन तेव्हा पंधरा वर्षं होत आली होती.

प्रवासी म्हणून यात आपलाही एक वाटा आहे. उतरता उतरता, खालची घरं दिसू लागली असताना, विमान एकदम गर्जून पुन्हा वर गेलं, किंवा दिल्लीचं म्हणून निघालेलं विमान जयपूरला नेऊन ठेवलं, की आपण फोन काढतो, कंपनीला शिव्या घालतो, हवाई सुंदरीवर ओरडतो. त्या क्षणी कॉकपिटमध्ये कुणाला तरी वेळेवर दिसलेलं असतं, त्यानं ते बोललेलं असतं आणि दुसऱ्यानं ते ऐकलेलं असतं. तेव्हा पुढच्या वेळी असं झालं, तर तक्रारीचा ईमेल लिहू नका.